एका कळपाचे दोन धनी

पहिल्याच मेंढीच्या कासेला हात लावला आणि आक्काला कळलं, आपल्याआधी इथं कोणीतरी येऊन गेलंय. कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. दुसरीचीही तीच गत. तिसरीच्या सडांवर तर कोकराच्या तोंडचा फेस अजून ओला होता. आक्का बादली तिथंच टाकून उठली आणि कोकरांच्या कुंपणापाशी गेली. फाटकाची दोरी बांधलेली होती, पण गाठ तिची नव्हती. एका हिसक्यात सुटणारी, जनावर आकड्याला टांगताना घालतात तशी गाठ होती. आत कोकरं पोटं टम्म फुगवून, एकमेकांच्या अंगावर माना टाकून निवांत पडली होती.

"धाकट्या, आज तुझी खैर नाही," ती म्हणाली आणि पदर खोचून तशीच रस्त्याला लागली.

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून त्याचं मटणाचं दुकान. मागच्या अंगाला आक्काची चीज करायची खोली. मधल्या पडवीत धाकट्याची बायको लोकर धुवायची, पिंजायची, जाड सूत काढून जाजमं विणायची. आणि ह्या तिघांचं पोट ज्याच्यावर, तो कळप पलीकडच्या मेंढवाड्यात. वडिलांनी जाताना तो दोन्ही मुलांचा म्हणून ठेवला होता. कोणाचा किती, हे काही बोलले नव्हते. लग्न मोडून आक्का माहेरी परतली ती कायमचीच, त्यामुळे तिनं वाटणी मागितली नाही आणि धाकट्यानं विषय काढला नाही.

मेंढ्या वाळवंटातल्या होत्या. तोंडं तपकिरी, अंग मळक्या दुधाच्या रंगाचं, कान लांब पडलेले, आणि मागे उशीएवढी रुंद शेपटी. त्या शेपटीत चरबी साठते. चारा संपला की जनावर त्या चरबीवर तग धरतं. दुसऱ्या जातीच्या मेंढ्या जिथं दोन उन्हाळे काढणार नाहीत तिथं ह्या काटेकुटे चावत, तापल्या दगडांवरून मैलोन्‌मैल चालतात, आणि वर दूधही देतात, मांसही देतात, लोकरही देतात. लोकांना ह्याचं फार कौतुक. भांडण मात्र नेमकं तिथंच होतं. कोकरू आईपाशी राहिलं तर अंगानं भरतं, मग धाकट्याचं दुकान चालतं. कोकरू आईपासून लवकर तोडलं तर दूध बादलीत येतं, मग आक्काची खोली चालते. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच दोघांमधून विस्तव जात नव्हता.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. शेजारचा शिंपी होता, शाळेतल्या बाई होत्या. आक्का आत शिरली ती थेट ओट्यापाशी.

"चोरा!"

धाकट्याचा सुरा हातातच राहिला. "काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतोस? दिवस उगवायच्या आत माझ्या मेंढ्या पिळून घेतल्यास."

"मी कशाला पिळू? कोकरांनी पिलं असेल. आईचं दूध आहे ते, तुझं नाही."

"दोरी कोकरांनी सोडली? आणि परत बांधलीही त्यांनीच?"

शिंप्याला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घातलं. धाकट्याचे कान लाल झाले.

"हे बघ आक्का, गिऱ्हाइकांसमोर तोंड वाजवू नकोस. तुझ्या चीजपायी कोकरांची नुसती हाडं उरलीत. काल एक कापलं, तर ह्या बाई म्हणाल्या, हे कोकरू आहे की मांजर?"

"मी असं काही म्हणाले नाही," शाळेतल्या बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"परत त्या फाटकाला हात लावलास तर बघ," आक्का म्हणाली.

"काय करशील?"

आक्का तशीच माघारी फिरली. वाड्यात येऊन तिनं कुंपणामागचा कडू पाला खुडला, पाट्यावर वाटला आणि प्रत्येक मेंढीच्या सडांना त्याचा लेप चोपडला. धार काढताना गरम पाण्यानं धुवायचा, धार झाली की पुन्हा लावायचा. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं चोरून फाटक उघडलं तेव्हा कोकरं धावत आयांकडे गेली, तोंड लावलं आणि माना झटकत मागे झाली. मग जी ओरडाआरड सुरू झाली ती दिवसभर थांबली नाही.

धाकट्याला काय झालंय ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो हातातलं काम टाकून मागच्या खोलीत आला. आक्का मोठ्या पातेल्यात दही फोडत होती. त्यानं पातेल्याच्या काठाला पाय लावला आणि ढकललं. सगळं दूध-पाणी फरशीवर पसरलं, मोरीकडे वाहत गेलं. आक्काच्या हातात लांब दांड्याचा लोखंडी डाव होता. तो तिनं त्याच्या कपाळात घातला.

धाकट्याच्या बायकोनं त्याला पडवीत बसवून जखम धुतली. ती ह्या घरात आल्यापासून दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती आणि त्याला पुरती कंटाळली होती.

"वन्सं," तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "ह्यांना डाव मारलात की अख्खं पातेलं? टेंगूळ मोठं आहे, म्हणून विचारते."

"पातेलं लांब घरंगळलं होतं," आतून आक्का म्हणाली, "नाहीतर तेच घातलं असतं."

धाकट्यानं पट्टी बांधून घेतली, उठला आणि वाड्यात गेला. कळपाच्या पुढे चालणारी एक म्हातारी मेंढी होती. तिच्या गळ्यात घंटा असायची. ती दूध देत नव्हती, लोकरही विरळ झाली होती, पण ती निघाली की सगळ्या निघायच्या आणि ती थांबली की सगळ्या थांबायच्या. आक्कानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. धाकट्यानं तिला दोरी लावली आणि दुकानात नेलं.

आक्काला कळलं ते घंटेच्या आवाजानं. धाकट्यानं ती मागच्या खोलीच्या दारात आणून टाकली होती. आक्का दाराशी उभी राहिली, घंटेकडे बघत. मग खाली बसली. भावजय पाणी घेऊन आली, तर आक्का म्हणाली, "त्याला सांग, आजपासून मला आक्का म्हणायचं नाही."

निरोप पोचला. धाकटा म्हणाला, "बरं."

त्याचा त्रास दोघांनाही लगेच सोसावा लागला. पुढची मेंढी गेल्यावर कळप कुणाच्या बापाला ऐकेना. कळप चारायला ठेवलेला मेंढपाळ दोन दिवस धावला, पाय सुजवून घेतले आणि काठी दारात ठेवून म्हणाला, "माझी दुसरीकडे बोलणी झालीत." वर ह्या सगळ्यात घराची विहीर आटली. तळाशी नुसता चिखल राहिला. विहीर खोल करायला माणसं लावली, पण पाणी लागेपर्यंत जनावरं कुठं न्यायची? माळापलीकडे दगडाची एक बंद पडलेली खाण होती, तिच्या खड्ड्यात बारा महिने पाणी असायचं. तिकडं न्यायचं म्हणजे पुढं एक माणूस हवा आणि मागं एक. आक्का पुढं झाली. मागं धाकटा आला, कारण दुसरं कोणीच यायला तयार नव्हतं.

भावजयीनं एका गाढवावर पाण्याचा कॅन बांधला आणि भाकरीचा डबा आक्काच्या हाती दिला. "दोघांनी परत या," ती म्हणाली. "एकटंच कोणी आलं तर मी दार उघडणार नाही."

निघताना आभाळ स्वच्छ होतं. कोकरं पण सोबत होती, ती मागं रेंगाळत आणि धाकटा त्यांना काठीनं ढोसत शिव्या देत चालला होता. दिवसभर दुकानाच्या सावलीत, गार फरशीवर उभा राहणारा माणूस तो. ऊन चढलं तसा त्याचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"जरा सावकाश ने," तो ओरडला.

"मेंढ्यांना सांग."

"पुढं तू आहेस."

"पुढं कोण असायला हवं होतं, ते तुला माहीत आहे," आक्का मागं न बघता म्हणाली.

माळाच्या मध्यावर वारा सुटला. आधी पायाशी धुरळा, मग कमरेएवढा, मग समोरचा हात दिसेना. गाढव बुजलं, दोनदा लाथा झाडल्या आणि कॅनसकट पळालं. धाकटा त्याच्यामागं धावला, ठेचकाळला, परत उठून धावला. आक्का ओरडली, "जाऊ दे त्याला! चुकशील!" पण वाऱ्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मेंढ्यांनी मात्र एकमेकींना घट्ट चिकटून माना खाली घातल्या आणि प्रत्येकीनं आपलं तोंड पुढचीच्या पोटाखाली नेलं. आक्का त्यांच्यामध्ये शिरून, डोक्यावरून पदर ओढून बसून राहिली.

वारा पडला तेव्हा ऊन पहिल्यापेक्षा कडक वाटलं. धाकटा थोड्या अंतरावर पडला होता. गुडघे फुटलेले, ओठ पांढरे, अंग कोरडं ठणठणीत आणि चटके बसतील इतकं तापलेलं. आक्कानं त्याला काखेत धरून ओढत कळपाच्या सावलीत आणलं. त्यानं डोळे अर्धे उघडले, पण तिला ओळखलं असं वाटलं नाही.

ती त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ तिनं काहीच केलं नाही. हा इथंच राहिला तर कळप आपला, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं नाही, बसून राहिलं. दूध आपलं, कोकरं आपली, फाटकाची दोरी आपली. घंटावाली मेंढी डोळ्यांसमोर आली तेव्हा तर तिला वाटलं, उठावं आणि चालू लागावं. खाण आता फार लांब नव्हती. मग धाकट्यानं जीभ बाहेर काढून ओठ चाटायचा प्रयत्न केला, आणि ती जीभही कोरडी होती.

"मेल्या," ती म्हणाली, "तुला खांद्यावर कोण नेणार घरी?"

तिनं डब्यातल्या भाकरी पदरात बांधल्या, डबा रिकामा केला आणि जवळची एक दुभती मेंढी पायाला धरून ओढली. पण मेंढीनं पान्हा चोरला. घाबरलेली होती, तहानलेली होती, ती कशाला दूध सोडते? आक्कानं तिची कास लुगड्याच्या काठानं खसाखसा पुसली, लेप निघेल तेवढा काढला आणि तिचंच कोकरू शोधून एका सडाला लावलं. कोकरू आधी बिचकलं, मग लुचायला लागलं. मेंढीचं अंग सैल पडलं. तशी आक्का दुसऱ्या बाजूनं धार काढायला बसली. एका सडाला कोकरू, एका सडाला ती. डब्याच्या तळाशी दाट, कोमट दूध साठलं.

तिनं धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब तोंडात सोडलं. पहिलं सगळं बाहेर आलं. मग घसा हलला. मग त्यानं डबा दोन्ही हातांनी धरला.

"कडू आहे," तो कुजबुजला.

"असणारच. पी."

तीन मेंढ्यांचं दूध झालं तेव्हा तो उठून बसला. आक्का स्वतः शेवटी दोन घोट प्याली. "चल," एवढंच म्हणाली. आता कळपाला कोणी हाकायची गरज नव्हती. एका मेंढीनं नाक वर केलं, पाण्याचा वास आला असावा, आणि सगळा कळप खाणीच्या दिशेनं निघाला. धाकटा आक्काच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालला. खाणीपाशी पोचले तर गाढव आधीच तिथं होतं. पाण्यात गुडघाभर उभं, पाठीवर कॅन तसाच बांधलेला, भरलेला.

विहिरीला पाणी लागल्याचा निरोप येईपर्यंत दोघं खाणीवरच राहिले. तो एका काठाला, ती दुसऱ्या. तो एकदा काहीतरी बोलायला आला होता. आक्का मेंढीच्या पायातला काटा काढत होती, तिनं मान वर केली नाही. तो परत गेला.

घरी आल्यावर काही दिवस दोन्ही बाजूंना शांतता होती. भावजयीला वाटलं, चला, काहीतरी निवळलं. मग एके दिवशी सकाळी आक्का दूध पोचवून दुकानासमोरून येत होती, तेव्हा आतून धाकट्याचा आवाज आला. रंगात आला होता.

"...वारा म्हणजे असा की समोरचं दिसेना! आक्का तर आडवीच झाली. डोळे पांढरे! मग मी काय केलं, तिला उचलली, मेंढ्यांच्या सावलीत नेली. म्हटलं, बाईमाणूस आहे, काही झालं तर लोक मला बोलतील. मेंढीचं दूध काढलं आणि पाजलं तिला..."

"तुम्हाला धार काढता येते?" शिंप्यानं विचारलं.

"वेळ आली की सगळं येतं!"

आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती अगदी हळू आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. धाकट्याचा चेहरा पडला. गिऱ्हाइकं सरकून उभी राहिली.

"सांग की," ती म्हणाली. "थांबलास का? मला दूध कसं लागलं, ते सांग ह्यांना."

धाकटा सुरा पुसायला लागला.

"नाही आठवत? मग मी सांगू? आडवं कोण झालं होतं, गुडघे कोणाचे फुटले, डोकं कोणाच्या मांडीवर होतं?" ती पुढे वाकली आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाटणी कर. आजच्या आज. नाहीतर उरलेलं मी रोज इथं येऊन सांगेन. रंगवून सांगेन. मला तुझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं."

शिंपी धाकट्याच्या गुडघ्यांकडे बघत होता. दोन्हीवर खपल्या होत्या. धाकट्यानं सुरा ठेवला. "दुपारी वाड्यात ये," तो म्हणाला.

वाटणीला मध्यस्थ म्हणून भावजय उभी राहिली, हातात लोकर कातरायची मोठी कात्री घेऊन. "आळीपाळीनं एकेक निवडायची," ती म्हणाली. "हाणामारी झाली तर ही कात्री मेंढ्यांसाठी आहे असं समजू नका."

धाकट्यानं पाठ चाचपून, शेपटी तोलून मेंढी निवडली. आक्कानं कास बघून निवडली. पुन्हा त्यानं, पुन्हा तिनं. इतकी वर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलं, पण एकाही मेंढीवर दोघांचा हात एकदम पडला नाही. त्याला हव्या त्या तिला नको होत्या, तिला हव्या त्या त्याला. काम झटक्यात उरकत चाललं आणि त्याचाच दोघांना राग येत होता. भांडायला जागाच सापडेना.

शेवटी मेंढा उरला. एकच होता. वळलेली शिंगं, रुंद छाती. वंश त्याचाच.

"माझा," दोघं एकदम म्हणाले.

"वडिलांनी तो माझ्या हातात दिला होता," धाकटा म्हणाला.

"तू त्याला कापशील. तुझा काय भरवसा? घंटावालीला कापलंस."

"आणि तो दूध देत नाही म्हणून तू त्याला उपाशी मारशील!"

धाकट्यानं एक शिंग धरलं, आक्कानं दुसरं. मेंढ्यानं डोकं झटकलं तसे दोघंही शेणात जाऊन आपटले. भावजय हसली नाही. तिनं मेंढ्याच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला पडवीकडे न्यायला लागली.

"हा माझा," ती म्हणाली. "ज्याला गरज असेल त्यानं आपल्या मेंढ्या माझ्याकडे घेऊन यायच्या. आणि दोन्ही कळपांची लोकर मी कातरणार. ती तुमच्या दोघांच्या बापाची नाही, माझ्या हातची आहे. कबूल नसेल तर आत्ताच सांगा, मी ह्याला घेऊन माहेरी जाते."

आक्कानं लुगड्याचं शेण झटकलं आणि मेंढ्या हाकल्या.

गावाच्या टोकाला विटांची एक जुनी शेड होती, ती तिनं घेतली. एका खोलीत चीजची पातेली मांडली, एका कोपऱ्यात स्वतःची खाट. पहिले काही दिवस दोन्हीकडच्या मेंढ्या एकमेकींना हाका मारत होत्या, मग थांबल्या. आता कोकरं कधी तोडायची हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. ती रोज दोरी घेऊन फाटकाशी जायची, कोकरं आयांना लुचताना बघायची आणि म्हणायची, उद्या बघू. बादली अर्धी भरायची. त्याबद्दल ती भावजयीलाही काही बोलली नाही.

नर कोकरं मोठी झाली तेव्हा ती विकणं भाग होतं. तिनं पलीकडच्या वस्तीतल्या खाटकाशी बोलणं केलं. त्या सकाळी गाडीत कोकरं चढवत असताना धाकटा शेडच्या फाटकात येऊन उभा राहिला. इथं तो पहिल्यांदाच येत होता.

"त्या माणसाला देतेयस?" तो म्हणाला. "कातडं सोलताना भोकं पाडतो तो. सुरा धरायची अक्कल नाही."

"तुझ्यापेक्षा बरा आहे."

"वजनात मारतो."

"मारू दे."

धाकट्यानं फाटकावरून हात घालून एका कोकराची पाठ दाबून बघितली. मांस घट्ट होतं, शेपटी भरलेली.

"पोटभर पाजलंयस ह्यांना," तो म्हणाला.

आक्कानं कोकरू त्याच्या हाताखालून ओढून घेतलं.

"मला दिली असतीस तर..."

"मेले तरी देणार नाही."

त्यानं फाटकाला लाथ मारली आणि निघून गेला. आक्कानं गाडीचं दार लावलं, खीळ घातली. पलीकडच्या वस्तीत जायला ओढ्याकडून जवळची वाट होती. तिनं गाडीवाल्याला गाडी मुख्य रस्त्यानं घ्यायला सांगितली, धाकट्याच्या दुकानावरून, आणि तिथून जाताना सावकाश घे म्हणून बजावलं.